दक्षिण ध्रुवसमुद्रातील मासेमारीचे नियमन : एक ऐतिहासिक विवेचन

१

इतिहासलेखनात समुद्राचा विचार बहुधा आरमारे, व्यापारमार्ग आणि वसाहती यांच्या अनुषंगाने होतो. समुद्रातील जीवसंपत्तीचा मानवाने कसा वापर केला आणि त्या वापरावर बंधने केव्हा व कोणत्या परिस्थितीत आली, हा विषय मात्र प्राणिशास्त्रज्ञांकडे सोपवून इतिहासकार मोकळा होतो. वस्तुतः हा प्रश्न सत्ता, मालमत्ता व कायदा यांच्याशी निगडित असल्यामुळे तो इतिहासाचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार दक्षिण ध्रुवसमुद्रापुरता केला आहे.

हे क्षेत्र निवडण्यास सबळ कारण आहे. अंटार्क्टिका खंडाभोवतालच्या समुद्राला मूळचे रहिवासी नाहीत. तेथे कोणा राजाची पिढीजात सत्ता नव्हती. किनाऱ्यावर कोळ्याची एक झोपडीही नव्हती. अन्यत्र समुद्राच्या वापराविषयी गावकीचे संकेत, जातीचे हक्क, देवतेच्या नावाने पाळावयाचे बंदीचे दिवस अशी जुनी बंधने आढळतात. येथे यांपैकी काहीच नव्हते. बंधन घालावयाचे तर ते बाहेरून आलेल्या व परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या राष्ट्रांनी स्वतःवरच घालून घ्यावयाचे होते. म्हणून या समुद्राचा गेल्या सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका प्रश्नाची दीर्घ परीक्षा होय : नियम नाशाच्या आधी येऊ शकतो काय, की नाश झाल्यावाचून नियमाची गरजच कोणास पटत नाही?

२

इ. स. १७७५ च्या जानेवारीत कॅप्टन जेम्स कुक दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला. त्या उजाड बेटाचे त्यास फारसे कौतुक वाटले नाही. परंतु तेथे सील विपुल असल्याची वार्ता त्याच्या वृत्तान्तामुळे पसरली आणि दशकभराच्या अवधीत सीलच्या कातड्यांसाठी जहाजे तिकडे वळू लागली. फर-सीलचे मऊ, दाट कातडे त्या काळी चीनच्या व युरोपच्या बाजारपेठेत चांगल्या किमतीस जात असे. १८१९ मध्ये विल्यम स्मिथ यास दक्षिण शेटलंड बेटे दिसली आणि लगेच ब्रिटिश व अमेरिकन सीलमारांची तेथे रीघ लागली. तीन-चार हंगामांतच तेथील किनारे ओस पडले.

या संहाराविषयी सर्वांत बोलकी साक्ष खुद्द एका सीलमाराची आहे. जेम्स वेडेल याचा प्रवासग्रंथ १८२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण जॉर्जियावरून तोपर्यंत निदान बारा लक्ष कातडी नेली गेली असावीत, आणि दक्षिण शेटलंडवरून १८२१ व १८२२ या दोन वर्षांत तीन लक्ष वीस हजार, असा अंदाज त्याने दिला आहे. त्याहून महत्त्वाचे आहे ते त्याने पुढे केलेले निरीक्षण. सीलमारांनी माद्यांनाही मारल्यामुळे त्यांची अंगावर पिणारी पिले उपाशी मेली. कोळ्यांच्या जाळ्यांची भोके किती मोठी असावीत याविषयी जसा कायदा असतो तसा एखादा कायदा येथे असता, तर दरसाल एक लक्ष कातडी पुढे अनेक वर्षे मिळत राहिली असती, असे तो म्हणतो. मुद्दल राखून व्याजावर निर्वाह करण्याचे हे तत्त्व आजच्या मत्स्यशास्त्राचा पाया आहे. १८२५ मध्ये ते एका व्यवहारी खलाशास स्पष्ट कळले होते.

तात्पर्य, ज्ञानाचा अभाव हे नाशाचे कारण नव्हते. कायदा करावयाचा कोणी, आणि केलाच तर तो दुसऱ्या राष्ट्राच्या जहाजावर चालवावयाचा कोणी, हा खरा प्रश्न होता. एका सीलमाराने माद्यांना जीवदान दिले असते तर मागाहून येणाऱ्याने त्यांना मारलेच असते. अशा स्थितीत संयम पाळणारा केवळ स्वतःचे नुकसान करून घेतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग पुढील शंभर वर्षे कोणास सापडला नाही.

३

दुसरा अध्याय देवमाशांचा. १९०४ मध्ये कार्ल आंतोन लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानाने दक्षिण जॉर्जियावर ग्रीत्विकेन येथे देवमाशांचे तेल काढण्याचा तळ उभारला. वाफेची वेगवान नौका आणि तोफेतून डागावयाचा स्फोटक भाला ही साधने तोवर सिद्ध झाली होती. त्यामुळे पूर्वी हाती न लागणारे निळे देवमासे व फिन देवमासे आता सहज मारता येऊ लागले. तेलाचा उपयोग साबण व पुढे मार्गारिन तयार करण्याकडे होई.

या उद्योगास आरंभी काही नियम होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात असल्याने तळासाठी भाडेपट्टा व परवाना घ्यावा लागे. नौकांच्या संख्येवर मर्यादा असे. पिलू बरोबर असलेल्या मादीस मारण्यास बंदी होती. तेलावरील कराच्या उत्पन्नातून १९२५ पासून ‘डिस्कव्हरी’ संशोधन मोहिमा निघाल्या आणि या समुद्राचे पहिले पद्धतशीर ज्ञान त्यांतून मिळाले. परंतु त्याच १९२५ च्या हंगामात ‘लान्सिंग’ नावाचे कारखाना-जहाज दाखल झाले. त्याच्या पिछाडीस उतरती घसरण असल्यामुळे देवमासा भर समुद्रात जहाजावर ओढून घेऊन तेथेच त्याचे तेल काढता येई. बेटाची, पर्यायाने परवान्याची, गरजच उरली नाही. नियम जमिनीला बांधलेला होता आणि उद्योग जमीन सोडून निघून गेला. १९३०-३१ च्या एका हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, डिसेंबर १९४६ मध्ये, वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला व त्यातून आयोग स्थापन झाला. परंतु आयोगाने स्वीकारलेले मापच सदोष होते. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई असे तेलाच्या हिशेबाने एकक ठरवून, अशा सोळा हजार एककांची वार्षिक मर्यादा सर्वांना मिळून घालण्यात आली. कोणत्या जातीचे किती प्राणी मारावेत याविषयी त्यात काहीच नव्हते. साहजिकच दुर्मिळ होत चाललेला निळा देवमासा दिसला की प्रथम त्याच्याच मागे लागणे फायद्याचे ठरले. शिवाय मर्यादा सामायिक असल्याने हंगाम सुरू होताच जहाजांची शर्यत लागे. हे एकक १९७२ मध्ये रद्द झाले. व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय १९८२ मध्ये झाला व १९८५-८६ पासून अमलात आला. सोव्हिएत जहाजांनी अनेक वर्षे खोटे आकडे कळवून हजारो देवमासे बेकायदा मारल्याचे त्यानंतर, १९९० च्या दशकात, उघडकीस आले. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लक्षांहून अधिक देवमासे मारले गेले, असा हिशेब आता मांडला जातो.

४

देवमासे संपत आले तेव्हा जहाजे माशांकडे वळली. दक्षिण जॉर्जियाच्या उथळ समुद्रात मार्बल्ड रॉककॉड नावाचा सावकाश वाढणारा व उशिरा वयात येणारा मासा मोठ्या थव्यांनी राहत असे. १९६९-७० च्या हंगामात प्रामुख्याने सोव्हिएत जहाजांनी त्याची सुमारे चार लक्ष टन पकड केली. पुढील हंगामात ती एक लक्ष टनांवर आली आणि त्यानंतर मासेमारी जवळजवळ संपलीच. सीलच्या बाबतीत जे काही दशकांत घडले ते येथे दोन वर्षांत घडले. या माशाच्या पकडीवर बंदी आली ती १९८५ मध्ये, म्हणजे थवे नाहीसे झाल्यावर सुमारे पंधरा वर्षांनी.

यावेळी अंटार्क्टिकाविषयी आंतरराष्ट्रीय करार अस्तित्वात होता, असा आक्षेप कोणी घेईल. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या होत्या, हे खरे. तत्पूर्वी १९५६ मध्ये अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे यावा अशी सूचना भारताने केली होती. परंतु ती चर्चेस आली नाही व प्रश्न या बारा राष्ट्रांच्या वर्तुळातच राहिला. त्यांनी सार्वभौमत्वाचे दावे गोठवले, लष्करी हालचालींस मनाई केली, शास्त्रीय संशोधनास मोकळीक दिली. मासेमारीविषयी मात्र करार मौन पाळतो. खुल्या समुद्रावरील राष्ट्रांच्या हक्कांस बाध येणार नाही, असेच त्यात म्हटले आहे. दाव्यांचा वाद टाळावयाचा तर समुद्रास हात न लावणे हेच त्या वेळी शहाणपणाचे होते.

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये लंडन येथे झालेल्या सीलविषयक करारास विशेष महत्त्व आहे. समुद्रातील तरत्या बर्फावर राहणाऱ्या सीलची व्यापारी शिकार तेव्हा सुरूच झालेली नव्हती. १९६० च्या दशकात काही चाचपणी तेवढी झाली होती. तरीही राष्ट्रांनी एकत्र येऊन क्रॅबीटर सीलसाठी वार्षिक १ लक्ष ७५ हजार, लेपर्ड सीलसाठी १२ हजार व वेडेल सीलसाठी ५ हजार अशा मर्यादा आगाऊ ठरवल्या. शिकार पुढे सुरू झालीच नाही, म्हणून हा करार विस्मृतीत गेला. परंतु या समुद्राच्या इतिहासात नियम प्रथमच उद्योगाच्या आधी आला होता.

५

तोच क्रम अधिक मोठ्या प्रमाणावर अनुसरण्याचा यत्न क्रिलच्या निमित्ताने झाला. क्रिल हा आपल्या कोकणकिनाऱ्यावरील जवळ्यासारखा दिसणारा, परंतु त्याहून मोठा व प्राणिशास्त्रदृष्ट्या निराळ्या गणातील जीव आहे. तो साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. देवमासे, सील, पेंग्विन, मासे हे सर्व प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे त्याच्यावर जगतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्याची प्रायोगिक पकड केली व १९७० च्या दशकात व्यापारी पकड सुरू झाली. देवमासे कमी झाल्यामुळे क्रिलचा अमर्याद साठा शिल्लक राहिला असावा, त्यावर जगाची प्रथिनांची गरज भागेल, अशा कल्पना त्या काळी प्रचलित होत्या. परंतु क्रिलवर घाला पडला तर समुद्रातील सर्वच प्राण्यांच्या तोंडचा घास जाईल, ही भीतीही शास्त्रज्ञांनी बोलून दाखविली.

या भीतीतूनच २० मे १९८० रोजी कॅनबेरा येथे अंटार्क्टिक सागरी जीवसंपत्तीच्या संरक्षणाचा करार संमत झाला व ७ एप्रिल १९८२ रोजी तो अमलात आला. त्याच्या आयोगाचे कार्यालय टास्मानियातील होबार्ट येथे आहे. या कराराचे दोन विशेष नमूद केले पाहिजेत. पहिला सीमेचा. उत्तरेकडील उबदार पाण्याखाली ध्रुवाकडील थंड पाणी जेथे बुडते ती रेषा साधारणतः कराराची हद्द धरली गेली. राजकीय दाव्यांऐवजी समुद्राच्या स्वभावावरून आखलेली ही सीमा होती. दुसरा विशेष दुसऱ्या कलमाचा. पकडल्या जाणाऱ्या प्राण्याची संख्या टिकली पाहिजे. त्याच्यावर जगणाऱ्या इतर प्राण्यांशी असलेले त्याचे संबंध टिकले पाहिजेत. आणि दोन-तीन दशकांत भरून निघणार नाही असा बदल समुद्रात होता कामा नये, अशी तीन तत्त्वे त्यात घातली आहेत. त्याच कलमात संरक्षण या शब्दात विवेकपूर्ण वापराचा समावेश होतो असेही म्हटले आहे. मासेमारी करणारी व तिला विरोध करणारी राष्ट्रे एकाच करारावर सही करू शकली ती या वाक्यामुळे. आणि आजवरचे वादही याच वाक्याच्या अर्थावरून झाले आहेत.

भारत १९८५ मध्ये या करारात सामील झाला व पुढील वर्षी आयोगाचा सभासद बनला. १९८१ च्या डिसेंबरात गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम निघाली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ या संशोधन-जहाजाने खास क्रिलच्या अभ्यासासाठीही सफर केली.

आयोगाचे निर्णय एकमताने व्हावेत असे करारात ठरले आहे. त्यामुळे पहिली काही वर्षे फारशी फलदायी झाली नाहीत. पकड हानिकारक असल्याचा पुरावा दाखवा, मग बंधन घालू, अशी मासेमार राष्ट्रांची भूमिका असे. क्रिलची वार्षिक पकड १९८१-८२ मध्येच पाच लक्ष टनांवर गेली होती. परंतु पहिली मर्यादा ठरली ती १९९१ मध्ये. विलंब झाला तरी तिच्यामागील विचार नवा होता. पुरावा अपुरा असेल तर तो पूर्ण होईपर्यंत वाट न पाहता कमी पकडावे, हे तत्त्व स्वीकारण्यात आले. पुढे क्रिलसाठी असा दंडक ठरला की, मासेमारीच नसती तर जितके प्रौढ क्रिल समुद्रात असते त्याच्या ७५ टक्के शिल्लक राहिले पाहिजे. सामान्य माशांसाठी हे प्रमाण ५० टक्के धरले जाते. वरचा भाग पेंग्विन, सील व देवमासे यांचा वाटा म्हणून सोडलेला आहे. ज्यांना सभेत मत नाही त्यांच्यासाठी अंकगणितात जागा राखून ठेवण्याचे हे बहुधा पहिले उदाहरण असावे.

६

कायदा लिहिणे आणि तो चालविणे यांतील अंतर टूथफिशच्या प्रकरणात दिसून आले. हजारो गळ लावलेल्या लांबच लांब दोऱ्या खोल समुद्रात सोडून हा मोठा मासा पकडण्यास १९८० च्या दशकाच्या अखेरीस आरंभ झाला. त्यास अमेरिका व जपान येथे मोठी किंमत येऊ लागताच, करारात सामील नसलेल्या देशांची निशाणे लावून अनेक जहाजे चोरून मासेमारी करू लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चोरटी पकड आयोगाने मंजूर केलेल्या पकडीहून मोठी असल्याचे अंदाज होते. गळावरील आमिषास झोंबणारे अल्बट्रॉस व पेट्रेल पक्षी दोरीबरोबर खाली ओढले जाऊन बुडत. आयोगाच्या क्षेत्रात परवानाधारक जहाजांकडूनच १९९७ मध्ये सहा हजारांहून अधिक पक्षी मेल्याची नोंद आहे.

पक्ष्यांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. दोऱ्या रात्री सोडाव्यात, त्यांना वजने बांधावीत म्हणजे त्या झटकन बुडतील, जहाजामागे फडफडत्या पट्ट्या सोडाव्यात, पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवावी, असे साधे नियम झाले व जहाजावर निरीक्षक नेमले गेले. काही वर्षांतच परवानाधारक जहाजांवरील पक्ष्यांचे मृत्यू नाममात्र राहिले.

चोरट्या जहाजांचा बंदोबस्त मात्र समुद्रात होणे कठीण होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हिआर्सा’ या जहाजाचा ऑस्ट्रेलियन गस्तीनौकेने एकवीस दिवस पाठलाग केला व अखेर दक्षिण अटलांटिकमध्ये त्यास पकडले. पुढे न्यायालयात मात्र खलाशी निर्दोष सुटले. २०१४ च्या डिसेंबरात ‘थंडर’ या जहाजाचा पाठलाग एका खासगी संस्थेच्या नौकांनी सुरू केला. तो एकशे दहा दिवस चालला आणि एप्रिल २०१५ मध्ये साओ तोमे बेटाजवळ ते जहाज बुडाल्याने संपला. असे पाठलाग गाजले, परंतु अधिक परिणाम झाला तो कागदाचा. मे २००० पासून प्रत्येक टूथफिश मालासोबत तो कोठे, केव्हा व कोणत्या जहाजाने पकडला याचा दाखला आवश्यक झाला. दाखल्यावाचून सभासद राष्ट्रांच्या बंदरात तो उतरविता येईना व बाजारात विकता येईना. ‘लान्सिंग’ने दाखवून दिले होते की जहाज जमिनीपासून पळू शकते, परंतु माल विकावयाचा तर त्यास कधीतरी जमिनीवर यावेच लागते. नियमनाने उद्योगास या दुसऱ्या टोकास गाठले.

७

आता पुन्हा क्रिलकडे वळू. या करारामुळे क्रिल वाचले असे विधान पुष्कळदा केले जाते. ते सावधपणे घेतले पाहिजे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ लयास गेला, त्याच्या मोठ्या जहाजांना मिळणारा सरकारी आधार तुटला व क्रिलची पकड अल्पावधीत एक लक्ष टनांच्या आसपास उतरली. म्हणजे मर्यादा ठरली आणि पकडणाराच निघून गेला. पुढील वीसेक वर्षे त्या मर्यादेची परीक्षा झालीच नाही. मग क्रिल सतत पंपाने जहाजावर ओढून घेण्याची नवी पद्धत आली. मत्स्यशेतीचे खाद्य व औषधी तेल यांसाठी मागणी वाढली. नॉर्वे व चीन यांची जहाजे पुढे आली.

नैर्ऋत्य अटलांटिककडील क्षेत्रासाठी २०१० पासूनची शास्त्रीय मर्यादा ५६ लक्ष टनांच्या घरात आहे. परंतु पकडीची विभागणी लहान क्षेत्रांत होईपर्यंत ६ लक्ष २० हजार टनांपलीकडे जावयाचे नाही, असा दंडक आहे. हा आकडा क्रिलच्या गणनेतून आलेला नसून पूर्वीच्या कमाल पकडींच्या बेरजेवरून १९९१ मध्ये घेतलेला आहे. साठ्याच्या अंदाजाशी तुलना करता तो एक टक्क्याच्या आसपास भरतो, असे मासेमारीचे समर्थक सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु क्रिलचे थवे जेथे दाटतात तेथेच जहाजे जमतात, आणि पेंग्विन व पुन्हा वाढू लागलेले हंपबॅक देवमासेही तेथेच चरतात. पिलांना भरवणाऱ्या पेंग्विनास घरट्यापासून ठरावीक अंतराच्या आत क्रिल मिळाले पाहिजे. दूरच्या समुद्रातील साठा त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून २००९ मध्ये या मर्यादेची चार उपविभागांत वाटणी करण्यात आली. तिची मुदत २०२४ मध्ये संपली आणि नव्या व्यवस्थेविषयी एकमत न झाल्याने ती वाढविली गेली नाही. २०२५ च्या हंगामात ६ लक्ष २० हजार टनांची मर्यादा प्रथमच गाठली गेली व ऑगस्टच्या आरंभी मासेमारी मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. १९८० च्या कराराची खरी कसोटी, त्याच्या स्थापनेनंतर पंचेचाळीस वर्षांनी, आता लागली आहे.

एकमताच्या नियमाची दुसरी बाजू राखीव क्षेत्रांच्या प्रश्नात दिसते. २०१६ मध्ये रॉस समुद्रात साडेपंधरा लक्ष चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र मान्य झाले. त्यास पस्तीस वर्षांची मुदत आहे. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र व अंटार्क्टिक द्वीपकल्प येथील प्रस्ताव मात्र रशिया व चीन यांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे पडून आहेत. एकमत सोडून बहुमत स्वीकारावे, असे सुचविणे सोपे आहे. परंतु जेथे पोलीस नाही तेथे न पटलेला निर्णय पाळला जाईल याची हमी कोण देणार? देवमाशांच्या आयोगात आक्षेप नोंदवून निर्णयातून मोकळे होण्याची सोय होती व तिचा वापरही झाला. एकमताने निर्णय उशिरा होतो. एकदा झाला म्हणजे मोडणे कठीण जाते.

उत्तर ध्रुवाकडील एक उदाहरण येथे तुलनेस घेता येईल. अलास्का व रशिया यांच्या हद्दींमधील बेरिंग समुद्राच्या खुल्या पट्ट्यात १९८० च्या दशकात पोलॉक माशाची बेसुमार पकड झाली व १९९० च्या दशकाच्या आरंभी तो साठा कोसळला. करार झाला तो १९९४ मध्ये. मासा मात्र व्यापारी प्रमाणात परतला नाही. हा धडा ताजा असताना मध्य आर्क्टिक महासागराचे बर्फ वितळू लागले. तेव्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे नऊ देश व युरोपीय संघ यांनी, तेथे एकही व्यापारी जहाज गेलेले नसताना, पुरेसे ज्ञान मिळेपर्यंत मासेमारी न करण्याचा करार केला. जून २०२१ पासून तो सोळा वर्षांसाठी अमलात आहे.

८

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. सील, देवमासे व रॉककॉड यांच्या बाबतीत नियम नाशाच्या मागून आला. १९७२ चा सील करार व २०१८ चा आर्क्टिक करार यांत तो आधी आला. या दोहोंतील फरक ज्ञानाचा नाही. वेडेलला १८२५ मध्ये पुरेसे ज्ञान होते. फरक आहे तो गुंतलेल्या हितसंबंधांचा. ज्या समुद्रात कोणाचे जहाज, कोणाचे भांडवल व कोणाची नोकरी अद्याप अडकलेली नाही, तेथे संयमाची किंमत कोणासच द्यावी लागत नाही व सह्या सहज होतात. क्रिलचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. तेथे तत्त्व आधी आले, मर्यादा मागून आली आणि मर्यादेची वाटणी हितसंबंध उभे राहिल्यावर गळून पडली.

दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यावर फर-सील पुन्हा मोठ्या संख्येने दिसू लागले आहेत. १९३० च्या दशकात तेथील बर्ड आयलंडवर आढळलेल्या मूठभर प्राण्यांपासून ही वाढ झाली. त्यांचे व परतू लागलेल्या देवमाशांचे अन्न क्रिल हेच आहे. गेल्या शतकात या प्राण्यांना मारण्यावर बंधन घालून आपण त्यांना वाचविले. या शतकात त्यांच्या अन्नावर बंधन घालणे आयोगास साधते किंवा नाही, हे होबार्ट येथील पुढील काही वार्षिक सभांत ठरणार आहे.